शिकणाऱ्या आईचा रिफंड

वर्षाला १८,००० डॉलर कमावणाऱ्या एका बाईच्या पगारातून वर्षभरात इन्कम टॅक्स म्हणून ३०० डॉलर कापले गेले. रिटर्न भरल्यावर अमेरिकेच्या फेडरल सरकारकडून तिच्या खात्यात जमा झाले ७,३२८ डॉलर. ती न्यू जर्सीत राहत असेल तर राज्य सरकारकडून आणखी अडीच-पावणेतीन हजार. आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत, बाई कल्पित आहे, हिशेब मात्र कायद्याला धरून आहे आणि पुढे तो एकेक टप्प्याने मांडला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन पटत नाही. भारतात रिफंड म्हणजे आपलेच जादा कापलेले पैसे. टीडीएस वीस हजार कापला, कर बारा हजार निघाला, तर आठ हजार परत. कलम ८७अ खाली सूट मिळते, पण ती कराची रक्कम शून्यावर आणून थांबते, शून्याच्या खाली जात नाही. कर भरलाच नसेल तर परत काय मिळणार, हा आपला सरळ हिशेब. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हा हिशेब मोडला आहे. काही टॅक्स क्रेडिट अशी आहेत की देय कर शून्य झाल्यावरही त्यांची उरलेली रक्कम सरकार रोख देते. लहान मूल सांभाळत, अर्धवेळ नोकरी करत कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग किंवा अकाउंटिंग शिकणाऱ्या आईचा रिफंड बहुतांशी अशाच रकमेचा बनलेला असतो. त्यामुळे "गेल्या वर्षी शेजारणीला सहा हजार आले, मलाही तेवढेच येतील" हा अंदाज इथे साफ चुकतो. शेजारणीच्या मुलांची संख्या, तिचा पगार, तिचे वय, ती कोणाच्या घरात राहते, यांतली एक गोष्ट वेगळी असली की रक्कम हजारांनी बदलते.

वर्ष संपताना हातात एक कागद असतोच: डिसेंबरच्या शेवटच्या पगाराची पावती. तिच्यावर वर्षभराची बेरीज छापलेली असते. जानेवारी संपेपर्यंत मालकाकडून डब्ल्यू-२ हा फॉर्म येतो, पण अंदाजासाठी तोवर थांबायची गरज नाही. गडबड होते ती कपातींची बेरीज करताना. पावतीवर फेडरल इन्कम टॅक्स वेगळा असतो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर वेगळे. १८,००० डॉलरच्या पगारावर या शेवटच्या दोघांचे मिळून ७.६५ टक्के, म्हणजे १,३७७ डॉलर जातात. ते रिफंडात परत येत नाहीत. परत येण्याच्या हिशेबात धरायची ती फक्त फेडरल इन्कम टॅक्सची कपात, जी डब्ल्यू-२ च्या दुसऱ्या रकान्यात येते. आपल्या आईच्या बाबतीत ते ३०० डॉलर.

आता कर किती लागतो ते पाहू. अविवाहित असून मुलासह राहणारी आणि घर चालवण्याचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः करणारी व्यक्ती 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणून रिटर्न भरू शकते. २०२५ साठी तिला २३,६२५ डॉलरचे स्टँडर्ड डिडक्शन आहे. नुसत्या 'सिंगल' व्यक्तीला १५,७५०. लग्न मोडलेले नाही पण नवरा वर्षाचे शेवटचे सहा महिने घरात राहिलाच नाही आणि मूल आईकडे आहे, अशा बाईलाही बहुतेक वेळा हा दर्जा मिळतो. ही गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. १८,००० मधून २३,६२५ वजा केले की करपात्र उत्पन्न उरतच नाही. कर शून्य. कापलेले ३०० पूर्ण परत.

इथवर भारतासारखेच. खरी रक्कम इथून पुढे सुरू होते.

सगळ्यात मोठा तुकडा 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट'चा, ज्याला सगळे ईआयटीसी म्हणतात. १९७५ मध्ये जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष असताना हे क्रेडिट आले. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनी ते लावून धरले होते. गरीब माणूस इन्कम टॅक्स भरत नसला तरी त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातोच; काम करणाऱ्याला त्याची भरपाई मिळावी, ही मूळ कल्पना. तेव्हा कमाल रक्कम ४०० डॉलर होती. पुढे रेगन आणि क्लिंटन या दोघांच्याही काळात ती वाढत गेली. दोन्ही पक्षांना पटलेल्या अमेरिकेतल्या मोजक्या गरिबी-योजनांपैकी ही एक. कारण उघड आहे: ती काम करणाऱ्यालाच मिळते.

तिची चाल समजली की अंदाज अर्धा झाला. एक मूल असेल तर २०२५ साली कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ३४ सेंट मिळत जातात, १२,७३० डॉलरपर्यंत. तिथे क्रेडिट ४,३२८ वर पोचते आणि तसेच राहते. उत्पन्न २३,३५० च्या पुढे गेले की प्रत्येक जादा डॉलरमागे सुमारे १६ सेंट कमी होत जातात आणि ५०,४३४ ला ते संपते. दोन मुले असतील तर डॉलरमागे ४० सेंट, कमाल रक्कम ७,१५२. तीन किंवा अधिक मुलांना ८,०४६. मूल नसेल तर जेमतेम ६४९. एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोसाठी उतरणीची रेघ सुमारे सात हजारांनी पुढे आहे. आपल्या आईचे १८,००० बरोबर पठारावर पडतात, म्हणून पूर्ण ४,३२८.

ज्याला कमाई म्हणायचे ती पगाराची किंवा स्वतःच्या धंद्याची हवी. कॉलेजातल्या वर्क-स्टडी नोकरीचा पगार चालतो. शिष्यवृत्ती, बेकारी भत्ता, मुलाच्या वडिलांकडून येणारी पोटगी यांतले काहीही चालत नाही. एखादीने वर्षभर फक्त अभ्यास केला आणि पोटापुरते ग्रँटवर भागवले, तर तिचे ईआयटीसी शून्य.

दुसरा तुकडा मुलाच्या क्रेडिटचा. चाइल्ड टॅक्स क्रेडिट १९९७ च्या कायद्याने आले. २०२५ मध्ये सतरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ते २,२०० डॉलर आहे. मात्र ज्याला करच लागत नाही त्याला त्यातले फार तर १,७०० रोख मिळतात, आणि तेही कमाईतून २,५०० डॉलर वजा करून उरलेल्याच्या १५ टक्क्यांपर्यंतच. आपल्या आईचे १५,५०० चे १५ टक्के म्हणजे २,३२५. मर्यादा १,७०० ची, म्हणून १,७००. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि २०२५ पासून रिटर्न भरणाऱ्याचाही; नवरा-बायको एकत्र भरत असतील तर दोघांपैकी एकाचा तरी नंबर असावा लागतो.

इथे थोडे थांबायला हवे. वर्षभरात ६,००० डॉलर कमावणाऱ्या आईला याच नियमाने मुलाच्या क्रेडिटचे मिळतात ५२५. २,४०० कमावणारीला काहीच नाही. दीड लाख डॉलर कमावणाऱ्या कुटुंबाला मात्र पूर्ण २,२००. ज्या वर्षी आई पूर्णवेळ शिकते, नोकरीचे तास कमी करते, म्हणजे ज्या वर्षी तिला पैशाची सर्वांत जास्त निकड असते, त्याच वर्षी मुलाच्या नावचे पैसे आटतात. मुलाची भूक आईच्या पगाराप्रमाणे कमी-जास्त होत नाही. २०२१ मध्ये एका वर्षासाठी अमेरिकेने हा नियम बाजूला ठेवला होता. क्रेडिट ३,६०० आणि ३,००० पर्यंत वाढवले, कमाईची अट काढली आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला हप्ते दिले. जनगणना खात्याच्या पूरक मोजमापानुसार त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव क्रेडिट बंद झाले आणि २०२२ मध्ये तोच आकडा १२.४ टक्के झाला. इतका ढळढळीत पुरावा समोर असूनही जुना नियम परत आणला, हे मला अन्यायाचे वाटते.

तिसरा तुकडा शिक्षणाचा. तो सर्वांत जास्त वाया जातो, म्हणून त्याच्याकडे नीट बघू.

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट २००९ मध्ये आले. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी, निदान अर्धवेळ प्रवेश असलेल्या विद्यार्थ्याला ते मिळते. फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरचे शंभर टक्के आणि पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के, एकूण कमाल २,५००. त्यातले ४० टक्के, म्हणजे १,००० डॉलर, कर शून्य असला तरी रोख मिळतात. पुस्तके कॉलेजच्या दुकानातूनच घ्यायला हवीत असे नाही. कुठूनही घ्या, पावती ठेवा.

कॉलेज जानेवारीत १०९८-टी नावाचा फॉर्म देते. त्याच्या पहिल्या रकान्यात भरलेली फी असते, पाचव्यात शिष्यवृत्ती आणि ग्रँट. गरीब घरच्या विद्यार्थिनीला फेडरल सरकारची पेल ग्रँट असते, त्यामुळे पाचवा रकाना पहिल्यापेक्षा मोठा दिसतो. ती म्हणते, फी तर ग्रँटमधून गेली, माझ्या खिशातून काही गेले नाही, मग क्रेडिट कसले? आणि विषय सोडून देते.

तो सोडू नये. समजा फी आणि पुस्तके मिळून ४,२०० डॉलर झाले आणि पेल ग्रँट ५,००० ची मिळाली. ग्रँट आधी फीला लावली तर फीचे ४,२०० त्यातच संपतात, उरलेले ८०० करपात्र उत्पन्नात धरायचे आणि शिक्षणाचे क्रेडिट शून्य. पण पेल ग्रँट घरभाडे, किराणा, प्रवास यांनाही वापरायची मुभा आहे. म्हणून रिटर्न भरताना ती असे दाखवू शकते की ग्रँटमधले फक्त २०० डॉलर फीला गेले आणि ४,८०० राहण्या-खाण्याला. तेवढा राहण्या-खाण्याचा खर्च त्या वर्षी खरोखर झालेला हवा. मुलासह राहणाऱ्या आईचा तो कितीतरी जास्त होतो. मग हे ४,८०० तिच्या उत्पन्नात मिळवले जातात: १८,००० आणि ४,८०० मिळून २२,८००. आता दोन रेघा तपासायच्या. २३,६२५ च्या स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा हे कमी, म्हणून कर अजूनही शून्य. ईआयटीसीची उतरण २३,३५० ला सुरू होते, तिच्याही आत, म्हणून तिथेही एक डॉलर कमी होत नाही. आणि फीचे ४,००० डॉलर ग्रँटशिवाय भरलेले धरले जाऊन पूर्ण २,५०० चे क्रेडिट उभे राहते. रोख हातात १,०००.

यात कुठलीही पळवाट नाही. आयआरएस या अमेरिकेच्या फेडरल करखात्याच्या ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत ही पद्धत उदाहरणांसह दिली आहे. उत्पन्न वाढवून दाखवल्याने फायदा होतो, हे मनाला विचित्र वाटते एवढेच. म्हणून अंदाज करताना दोन्ही तऱ्हेने आकडे मांडून बघायचे: ग्रँट फीला लावून आणि ग्रँट घरखर्चाला लावून. जे फायद्याचे ते घ्यायचे. मात्र ज्या शिष्यवृत्तीच्या अटीत 'फक्त फीसाठी' असे लिहिले आहे तिला ही मुभा नाही.

आता बेरीज. कापलेले ३००, ईआयटीसीचे ४,३२८, मुलाचे १,७००, शिक्षणाचे १,०००. एकूण ७,३२८. न्यू जर्सी राज्य फेडरल ईआयटीसीच्या ४० टक्के आपल्याकडून देते, म्हणजे सुमारे १,७३१. शिवाय सहा वर्षांखालच्या मुलामागे, उत्पन्न तीस हजारांच्या आत असेल तर, १,०००. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना या राज्याचे नियम माहीत असणे उपयोगाचे आहे. सगळ्या राज्यांत असे नाही; टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे हे जोडक्रेडिटही नाही.

एक क्रेडिट मी मुद्दाम बेरजेत घेतले नाही. मुलाच्या पाळणाघराच्या खर्चावरही फेडरल क्रेडिट आहे. पण ते कर शून्यावर आणून थांबते, आपल्या ८७अ सारखे. आपल्या आईला करच लागत नाही, त्यामुळे पाळणाघराला तिने कितीही पैसे दिले तरी या क्रेडिटचा तिला एक सेंटही मिळत नाही. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटचेही तसेच. नावे पाहून त्यांच्या रकमा अंदाजात धरल्या की रिफंड कागदावर फुगतो आणि प्रत्यक्षात येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वयाचा. चोवीस ही या गणितातली रेघ आहे. वर वर्णन केलेली आई सव्वीस वर्षांची धरली आहे. तीच बावीस वर्षांची असती, पूर्णवेळ शिकत असती आणि मूल घेऊन आईवडिलांच्या घरी राहत असती, तर चित्र पार पालटते. चोवीसच्या आतली, वर्षातले पाच महिने तरी पूर्णवेळ शिकणारी आणि निम्म्याहून जास्त वर्ष आईवडिलांकडे राहणारी मुलगी कायद्याच्या नजरेत ईआयटीसीसाठी स्वतःच त्यांचे 'मूल' ठरते. मग तिला आपल्या मुलाच्या नावाने ईआयटीसी मागता येत नाही. आईवडील तिला आपल्यावर अवलंबून दाखवू शकत असतील तर तिला कोणालाच आपल्यावर अवलंबून दाखवता येत नाही, पोटच्या मुलालाही नाही. आईवडिलांना रिटर्न भरणे बंधनकारक नसेल आणि ते भरत नसतील, किंवा फक्त कापलेला कर परत मिळवण्यापुरता भरत असतील, तर मात्र ही आडकाठी नसते.

शिक्षणाच्या क्रेडिटलाही चोवीसचीच अडचण आहे. वर्षअखेर वय चोवीसपेक्षा कमी, पूर्णवेळ शिक्षण, स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या पोषणाचा निम्म्यापेक्षा कमी खर्च आणि आईवडिलांपैकी एक तरी हयात, अशी स्थिती असेल तर रोख मिळणारे १,००० मिळत नाहीत.

अशा घरात पैसे बुडतातच असे नाही. आजी-आजोबांचे उत्पन्न बसत असेल तर नातवाच्या नावाने ईआयटीसी आणि मुलाचे क्रेडिट त्यांना मागता येते. गोंधळ होतो तो एकाच मुलाचे नाव दोन रिटर्नवर गेले की. ज्याचे रिटर्न आधी पोचते ते स्वीकारले जाते आणि दुसऱ्याचे ऑनलाइन रिटर्न बहुधा परत येते. मग पत्रव्यवहार, कागदपत्रे, महिनोन्‌महिने वाट. आजी, आई आणि मुलाचे वडील यांनी जानेवारीतच एका टेबलाशी बसून, मूल वर्षात कोणाकडे किती रात्री राहिले ते ठरवावे. आई-बाप वेगळे राहत असतील तर ईआयटीसी ज्याच्याकडे मूल निम्म्याहून जास्त राहिले त्यालाच मिळते. मुलाचे क्रेडिट दुसऱ्याला लिहून देता येते, ईआयटीसी देता येत नाही.

फावल्या वेळात गाडीवरून जेवण पोचवणाऱ्या आयांसाठीही थोडे. ॲपकडून मिळणारे पैसे पगार नसतात, त्यातून काही कापलेले नसते. खर्च वजा जाता निव्वळ कमाई ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली की तिच्यावर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर लागतो, इन्कम टॅक्स शून्य असला तरी. ३,००० डॉलरच्या निव्वळ कमाईवर तो सुमारे ४२४ होतो आणि थेट रिफंडातून वजा होतो. शिवाय आपल्या उदाहरणातल्या आईने असे तीन हजार कमावले तर तिचे एकूण उत्पन्न २३,३५० ची रेघ ओलांडते, त्यामुळे ईआयटीसीतूनही साडेतीनशेच्या आसपास कमी होतात. हजाराच्या शिक्षण क्रेडिटपुढे ते परवडते, पण अंदाजात धरायला हवे. मैलांची नोंद ठेवली तर निव्वळ कमाई कमी होते आणि हा करही कमी होतो. ही नोंद रोजच्या रोज करायची असते. एप्रिलमध्ये आठवून लिहिलेली वही आयआरएसपुढे टिकत नाही.

पुण्या-नागपुराहून एफ-१ व्हिसावर शिकायला गेलेल्यांना यातले बहुतेक काही लागू नाही, आणि चूक होण्याचा धोका मात्र त्यांनाच जास्त. पहिली पाच कॅलेंडर वर्षे असा विद्यार्थी करापुरता 'अनिवासी' असतो. तो १०४०-एनआर भरतो. त्याला ईआयटीसी नाही आणि सर्वसाधारणपणे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटही नाही. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मात्र मिळते, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरही त्याच्या पगारातून कापायचे नसतात. चुकून कापले असतील तर आधी मालकाकडे परत मागायचे. बाजारातली नेहमीची सॉफ्टवेअर निवासी लोकांसाठी बनवलेली असतात. ती विचारतात, "मूल आहे? कॉलेजात आहात?" आणि 'हो' म्हटले की भली मोठी रक्कम दाखवतात. ती रक्कम घेतली तर पुढे ती व्याजासह परत द्यावी लागते, आणि चुकीचे रिटर्न व्हिसाच्या कागदांत आडवे येऊ शकते. अशा विद्यार्थ्याने विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच भरावे.

रकमेइतकाच महत्त्वाचा असतो तिचा दिवस. ईआयटीसी किंवा मुलाचे रोख क्रेडिट असलेला रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी द्यायला २०१५ च्या कायद्याने मनाई आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्न भरले तरी पैसे बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला येतात. घरमालकाला फेब्रुवारीचा शब्द देऊ नये. नेमक्या याच अडचणीवर धंदा चालतो. "आजच ॲडव्हान्स घ्या", "तयारीची फी रिफंडातून कापू" अशा पाट्या जानेवारीत गरीब वस्त्यांत लागतात. फी, हस्तांतर शुल्क, कार्डाचे शुल्क असे करत दोन-चारशे डॉलर सहज जातात. ही रक्कम महिन्याभराच्या दुधा-भाजीची आहे आणि ती कोणालाही देण्याचे कारण नाही. आयआरएसच्याच व्हिटा कार्यक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न फुकट भरून देतात. ग्रंथालये, कम्युनिटी कॉलेजे, सार्वजनिक सभागृहे अशा ठिकाणी त्यांची केंद्रे असतात. पेल ग्रँटचा वरचा मुद्दा तिथल्या माणसाला स्वतःहून विचारावा. गर्दीत तो राहून जाऊ शकतो.

अंदाजलेली रक्कम वाटेत कमीही होऊ शकते. मुलाच्या पोटगीची थकबाकी, बुडीत निघालेले फेडरल शैक्षणिक कर्ज, राज्याचा थकलेला कर या कारणांसाठी सरकार रिफंड वळता करून घेऊ शकते. उलट बाजूने दिलासा असा की फेडरल टॅक्स रिफंड फूड स्टॅम्प किंवा मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनांच्या पात्रतेसाठी उत्पन्न धरला जात नाही, आणि बँकेत ठेवला तरी बारा महिने मालमत्ता म्हणून मोजला जात नाही. "रिफंड घेतला तर फूड स्टॅम्प जातील" या भीतीने कोणी मागे राहू नये.

खोटे मूल दाखवणे, पगार वाढवून सांगणे यांचा मोह कोणी घालत असेल तर त्या दुकानातून बाहेर पडावे. नियमांची पर्वा न करता केलेल्या चुकीच्या मागणीवर दोन वर्षे आणि फसवणुकीवर दहा वर्षे ईआयटीसी बंद होते. रिटर्न तयार करणारा पसार होतो, सही मात्र आईची असते.

आयआरएसच्याच सांगण्याप्रमाणे पात्र असलेल्या दर पाचांपैकी साधारण एक जण ईआयटीसी मागतच नाही. उत्पन्न इतके कमी की रिटर्न भरायची सक्तीच नाही, म्हणून पुष्कळजणी भरत नाहीत. न भरलेल्या रिटर्नवरचा परतावा मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत मागता येतो. त्यानंतर तो सरकारजमा होतो. तुमची मुलगी, भाची, मैत्रीण तिकडे मूल सांभाळून शिकत असेल तर तिला एवढे कळवा: गेल्या तीन वर्षांचे डब्ल्यू-२ आणि १०९८-टी शोध, पुस्तकांच्या पावत्या काढ आणि जवळच्या व्हिटा केंद्रात वेळ ठरव.